डॉ. कार्ल लँडस्टायनर : शरीर परक्याला कसे ओळखते हे शोधणारा शास्त्रज्ञ



तुमच्या शाळेच्या ओळखपत्रावर नाव, इयत्ता, पत्ता असतो आणि त्याखाली एक छोटी ओळ असते : रक्तगट. कुणाचा बी पॉझिटिव्ह, तर कुणाचा ओ निगेटिव्ह. अडचणीच्या वेळी ही एवढीशी ओळ फार उपयोगी पडते. ती ज्यांच्यामुळे लिहिता येते ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कार्ल लँडस्टायनर.

रक्तगटांचा शोध कोणी लावला, या एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आपण त्यांचे नाव पाठ करतो आणि पुढे जातो. पण रक्तगट हा त्यांच्या कामाचा एक भाग झाला. आपले कोण आणि परके कोण हे शरीर कसे ओळखते, या प्रश्नामागे ते आयुष्यभर लागले होते. आज एचआयव्हीवर लस शोधणारे शास्त्रज्ञसुद्धा याच प्रश्नाशी झगडत आहेत. म्हणून आज आपण त्यांचे जीवन बघू आणि त्यांचे काम एचआयव्हीच्या लसीपर्यंत कसे जाऊन पोहोचते तेही समजून घेऊ.

थोडक्यात ओळख

पूर्ण नाव : कार्ल लँडस्टायनर
जन्म : १४ जून १८६८, व्हिएन्नाजवळील बाडेन, ऑस्ट्रिया
शिक्षण : वैद्यकीय पदवी, व्हिएन्ना विद्यापीठ, १८९१
प्रमुख शोध : रक्तगट (१९०१), पोलिओचा विषाणू (१९०८-०९), आरएच घटक (१९४०)
सन्मान : नोबेल पारितोषिक, १९३०
मृत्यू : २६ जून १९४३, न्यूयॉर्क

बालपण आणि शिक्षण

कार्ल यांचे वडील लिओपोल्ड हे नावाजलेले पत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचे असतानाच वडील वारले. पुढे आई फॅनी यांनीच त्यांना वाढवले. आईवर त्यांचा फार जीव होता. आई गेल्यावर तिच्या चेहऱ्याचा घेतलेला ठसा त्यांनी शेवटपर्यंत भिंतीवर लावून ठेवला होता.

व्हिएन्ना विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. आता डॉक्टर झाल्यावर माणूस काय करतो? दवाखाना काढतो. लँडस्टायनर यांनी मात्र पुढची काही वर्षे रसायनशास्त्र शिकण्यात घालवली. झुरिक, वुर्झबर्ग, म्युनिक अशा ठिकाणी मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांच्या हाताखाली ते राबले. वुर्झबर्गला त्यांचे गुरू होते एमिल फिशर. साखरेच्या रेणूंची रचना उलगडणारे हेच ते फिशर. साखरेचे हे नाव लक्षात ठेवा बरं का, शेवटी ते पुन्हा येणार आहे.

पुढे ते व्हिएन्नात परतले. १८९८ पासून दहा वर्षे त्यांनी शवविच्छेदन विभागात नोकरी केली. या दहा वर्षांत त्यांनी ३,६३९ शवविच्छेदने केली! म्हणजे रोज सरासरी एक. एवढे काम उरकून उरलेल्या वेळात ते आपले प्रयोग करत.

प्रतिपिंड म्हणजे काय?

पुढचे समजण्यासाठी एक शब्द नीट समजून घेऊ. तो शब्द म्हणजे प्रतिपिंड.

बाहेरचा जंतू शरीरात शिरला की रक्तात त्याच्याविरुद्ध एक प्रकारची प्रथिने तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ही प्रतिपिंडे जंतूला जाऊन चिकटतात आणि त्याला निकामी करतात किंवा शरीरातील इतर पेशींना त्याचा पत्ता देतात.

प्रतिपिंडाला डोळे नसतात. मग ते ओळखते कसे? मंदिराबाहेर चपलांचा ढीग असतो. अंधारात तुम्ही त्यात पाय घालून बघता. एक चप्पल मोठी, एक घट्ट, एकीचा अंगठा भलत्याच जागी. आपली चप्पल सापडली की पाय लगेच सांगतो, हीच! प्रतिपिंडाचेही असेच आहे. जंतूच्या पृष्ठभागावरचा एखादा छोटा उंचवटा किंवा खाच त्याच्या टोकाशी बरोबर बसली की ओळख पटली. जंतूच्या आत काय आहे हे त्याला कळत नाही. हाताला लागतो तो फक्त बाहेरचा आकार. ज्या गोष्टीला प्रतिपिंड चिकटते तिला प्रतिजन म्हणतात.

रक्तगटांचा शोध

माणसाला दुसऱ्याचे रक्त देण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. १६६७ मध्ये फ्रान्समध्ये तर मेंढीचे रक्त माणसाला देऊन पाहिले होते. नंतर माणसाचे रक्त माणसाला देऊ लागले. पण कधी रोगी वाचायचा, तर कधी रक्त देताच थंडी वाजून, लघवी काळपट होऊन दगावायचा. असे का होते ते कुणालाच सांगता येत नव्हते.

एकाच्या रक्तात दुसऱ्याचे रक्त मिसळले तर कधी कधी पेशींच्या गुठळ्या होतात हे लोकांनी पाहिले होते. पण त्यांना वाटे, हा आजारी माणसाच्या रक्तातला दोष असेल. लँडस्टायनर यांनी वेगळा विचार केला. निरोगी माणसांचेच रक्त घेऊन पाहू की! १९०० मध्ये त्यांनी आपले निरीक्षण एका लेखाच्या तळटीपेत लिहिले. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त घेतले. एकूण २२ जणांचे नमुने होते.

रक्त थोडा वेळ ठेवले की ते गोठते आणि वर पिवळसर पाणी राहते. त्याला सीरम म्हणतात. प्रतिपिंडे या सीरममध्ये असतात. लँडस्टायनर यांनी एकाचे सीरम आणि दुसऱ्याच्या तांबड्या पेशी असे एकेक करून मिसळून पाहिले आणि तक्ता तयार केला. कुठे गुठळ्या झाल्या तिथे अधिक, नाही झाल्या तिथे वजा. तक्ता पुरा झाल्यावर स्पष्ट दिसले की माणसांचे तीन गट पडतात. त्यांनी नावे दिली ए, बी आणि सी. सी लाच पुढे ओ म्हणू लागले. चौथा गट एबी हा दुर्मिळ असल्याने या नमुन्यांत आला नव्हता. तो १९०२ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला.

आता यामागचे कारण बघा. ए गटाच्या पेशींवर ए नावाचा प्रतिजन असतो, आणि त्या माणसाच्या सीरममध्ये बी विरुद्धचे प्रतिपिंड असते. बी गटात याच्या उलट. ओ गटाच्या पेशींवर दोन्ही प्रतिजन नाहीत, पण सीरममध्ये दोन्हींविरुद्धची प्रतिपिंडे आहेत. एबी गटात दोन्ही प्रतिजन आहेत आणि प्रतिपिंड एकही नाही. म्हणजे जो प्रतिजन आपल्या अंगावर आहे त्याविरुद्धचे प्रतिपिंड आपल्या रक्तात नसते. घरच्या माणसावर घरचा पहारेकरी हात उचलत नाही, तसेच हे. हा नियमही लक्षात ठेवा. एचआयव्हीच्या वेळी याच नियमाची अडचण होणार आहे.

या शोधाकडे सुरुवातीला फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या रूबेन ऑटेनबर्ग यांनी आधी रक्त जुळवून पाहून मग रोग्याला दिले. पहिल्या महायुद्धात मात्र या शोधाचे मोल सगळ्या जगाला कळले.

याच धाग्यात आपल्या मुंबईचे नाव येते. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत असे काही लोक आढळले, ज्यांचे रक्त ओ गटाशीसुद्धा जुळेना. ए आणि बी हे प्रतिजन ज्या पायावर उभे असतात, तो एच नावाचा पायाच त्यांच्या पेशींवर नव्हता. त्यामुळे त्यांची प्रतिपिंडे ओ गटाच्या पेशींनाही परके मानत होती. जगभर या गटाला आज 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात.

पोलिओचा विषाणू

१९०८ मध्ये लँडस्टायनर व्हिएन्नातील दुसऱ्या रुग्णालयात गेले. तिथे पोलिओने एक मुलगा दगावला होता. त्यांनी आणि एर्विन पॉपर यांनी त्या मुलाच्या मज्जारज्जूचा अंश दोन माकडांना टोचला. माकडांना पोलिओ झाला, पण सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणू काही दिसेना. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील लेव्हादिती यांच्याबरोबर काम करून त्यांनी दाखवले की जीवाणू अडकतील अशा बारीक गाळणीतूनही हा रोगकारक पार होतो. म्हणजेच तो विषाणू होता.

पोलिओच्या लसीला यायला १९५५ साल उजाडले. उशीर होण्याची कारणे बरीच होती. त्यातले एक आपल्या विषयाचे आहे. पोलिओचा विषाणू एक नसून तीन प्रकारचे आहेत. त्यांचे बाहेरचे आकार थोडे वेगळे. एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याला नीट ओळखत नाहीत. म्हणून लसीत तिन्ही प्रकार घालावे लागले. हे जमले, आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तीन चेहरे होते म्हणून जमले. चेहरे हजारो असते तर? हा प्रश्न मनात ठेवा.

युद्ध, टंचाई आणि हेगमधील दिवस

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाची अवस्था फार वाईट झाली. अन्न नाही, जळण नाही, प्रयोगाला साहित्य नाही. लँडस्टायनर यांचे लग्न १९१६ मध्ये झाले होते आणि घरात लहान मुलगा होता. १९१९ मध्ये ते कुटुंबासह नेदरलँड्समधील हेग शहरात गेले. पन्नाशी उलटलेला एवढा मोठा शास्त्रज्ञ तिथल्या एका छोट्या रुग्णालयात रोजच्या रक्त-लघवीच्या तपासण्या करू लागला. पण त्यांनी हातचे संशोधन सोडले नाही. १९१९ ते १९२२ या काळात त्यांनी तिथून बारा शोधनिबंध लिहिले!

त्यांचा विषय होता, प्रतिपिंडाची ओळख किती अचूक असते? यासाठी त्यांनी एक युक्ती केली. एखादे साधे रसायन घ्यायचे, ते प्रथिनाला जोडायचे आणि सशाला टोचायचे. सशाच्या रक्तात जी प्रतिपिंडे तयार होतील ती नेमके काय ओळखतात ते तपासायचे. रसायनशास्त्र शिकण्यात घालवलेली ती वर्षे इथे कामाला आली.

निकाल थक्क करणारे होते. रेणूतील सगळे भाग तेच, फक्त एका भागाची जागा सरकवली, तरी प्रतिपिंडाला फरक कळे. पुढे अमेरिकेत त्यांनी टार्टरिक आम्ल घेतले. आपल्या चिंचेला आंबटपणा देणारे आम्ल ते हेच. या आम्लाचे दोन रेणू असे असतात की एक दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब वाटावे, जसे आपले डावा आणि उजवा हात. सशाच्या प्रतिपिंडांनी हा डावा-उजवाही वेगळा ओळखला.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. छोटे रसायन एकटेच टोचले तर प्रतिपिंडे तयार होत नाहीत. प्रथिनाला जोडून टोचले तर होतात. अशा छोट्या पदार्थाला त्यांनी 'हॅप्टेन' असे नाव दिले. जत्रेच्या गर्दीत लहान मूल कुणाला दिसत नाही, पण बाबांनी खांद्यावर घेतले की लांबूनही दिसते. तसेच हे. तुम्हाला लहानपणी दिलेल्या पेंटाव्हॅलंट लसीत हिब नावाच्या जीवाणूवरील शर्करा प्रथिनाला जोडलेली असते. खांद्यावर बसवण्याची ही युक्ती हेगच्या त्या कामाच्या वाटेनेच आली आहे.

अमेरिका, नोबेल आणि अखेर

१९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावून घेतले. १९३० मध्ये रक्तगटांच्या शोधासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोध १९०१ चा आणि पारितोषिक १९३० चे, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी! १९४० मध्ये, निवृत्त झाल्यावर, त्यांनी अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत आरएच घटक शोधला. तुमच्या ओळखपत्रावर जे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहितात ते याच घटकामुळे. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईची प्रतिपिंडे पुढच्या बाळाच्या रक्तपेशी नष्ट करू शकतात. आज एका इंजेक्शनने हा धोका टाळता येतो.

२४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यावेळीही त्यांच्या हातात पिपेट होती. दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. १४ जून हा त्यांचा जन्मदिवस जगभर 'जागतिक रक्तदाता दिन' म्हणून पाळला जातो.

एचआयव्हीची लस आणि लँडस्टायनर

एचआयव्ही सापडला १९८३ मध्ये, म्हणजे लँडस्टायनर यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. मग त्यांचा इथे काय संबंध? बघा, संबंध कसा आहे ते.

एचआयव्हीच्या पृष्ठभागावर प्रथिनाचे थोडेसेच खुंट असतात. या खुंटांनी तो आपल्या पांढऱ्या पेशींना चिकटतो आणि आत शिरतो. म्हणजे प्रतिपिंडांनी या खुंटांनाच पकडले पाहिजे. पण इथे तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण साखरेची. या खुंटांवर साखरेच्या रेणूंचे दाट आवरण असते. खुंटाच्या बाहेरच्या प्रथिनाचे जवळजवळ निम्मे वजन साखरेचेच. आणि ही साखर विषाणूची स्वतःची नाही, ती आपल्याच पेशीने चढवलेली असते. आपल्याकडे गावात बहुरूपी येतो. पोलिसाचा वेश घालून दारात उभा राहिला की क्षणभर मोठी माणसेही फसतात. एचआयव्ही तर आपल्याच दोरीवरचे कपडे घालून येतो! जे आपले आहे त्याविरुद्ध प्रतिपिंड नसते, हा रक्तगटांतला नियम आठवला ना? गंमत म्हणजे ए आणि बी हे प्रतिजनसुद्धा साखरेचेच असतात, आणि टोकाच्या एका साखरेच्या फरकाने ते वेगळे ठरतात, हे पुढच्या शास्त्रज्ञांनी दाखवले.

दुसरी अडचण बदलत्या चेहऱ्याची. पोलिओचे प्रकार तीन, पण एचआयव्ही एका रोग्याच्या शरीरातही सतत बदलत राहतो. प्रतिपिंड इतके काटेकोर असते की खुंट थोडा बदलला तरी ते हुकते. जी अचूकता आपली ताकद, तीच इथे अडचण होते.

तिसरी अडचण म्हणजे जो भाग विषाणूला बदलताच येत नाही तो खोल खाचेत लपलेला असतो. पांढऱ्या पेशीला पकडण्याची जागा ती हीच. ती बदलली तर विषाणूलाच आत शिरता येणार नाही.

पण मित्रांनो, आशा आहे. काही रुग्णांच्या शरीरात बऱ्याच काळाने अशी प्रतिपिंडे तयार होतात, जी एचआयव्हीच्या अनेक प्रकारांना ओळखतात. २०१० मध्ये सापडलेले व्हीआरसी०१ हे त्यातलेच एक. ते नेमके त्या खोल खाचेत जाऊन बसते. आणखी एक प्रतिपिंड, २जी१२, तर साखरेच्या आवरणालाच पकडते. कारण आपल्या पेशींवर साखर इतकी दाट आणि अशा मांडणीत नसते. कपडे घरचे असले तरी नेसण्याची पद्धत परकी आहे हे त्याला कळते.

आता शास्त्रज्ञ उलटा विचार करत आहेत. प्रतिपिंड खुंटाला कसे चिकटते ते बारकाईने पाहायचे आणि नेमका तेवढाच आकार दाखवणारी लस बनवायची. पण अशी प्रतिपिंडे एकदम तयार होत नाहीत, पायरीपायरीने घडतात. आपण आधी मुळाक्षरे शिकतो, मग बाराखडी, मग जोडाक्षरे. पहिल्याच दिवशी जोडाक्षर लिहायला सांगितले तर कुणाला येईल? तशी पहिल्या पायरीची लस ३६ जणांना दिली. त्यापैकी ३५ जणांच्या शरीरात हवी तशी सुरुवात झाली, असा निकाल २०२२ मध्ये आला. ही फक्त मुळाक्षरे आहेत. बाराखडी आणि जोडाक्षरे अजून बाकी आहेत. एचआयव्हीवर लस आजही नाही. मात्र औषधे आहेत, सरकारी केंद्रांत ती मोफत मिळतात, आणि ती नियमित घेणारी माणसे दीर्घकाळ चांगले आयुष्य जगतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. शेजारी बसल्याने, एकत्र डबा खाल्ल्याने, खेळल्याने एचआयव्ही पसरत नाही. त्यामुळे अशा मुलाला वेगळे बसवण्याचे काहीच कारण नाही. आपल्या शरीरातील प्रतिपिंडे आपले-परके ठरवताना कितीतरी बारकाईने पाहतात. आपण तर माणसे आहोत, आपण नीट पाहूनच ठरवूया.

विचार करा आणि वहीत लिहा

१. ओ गटाच्या सीरममध्ये कोणती प्रतिपिंडे असतात? का?
२. पोलिओच्या लसीत तीन प्रकार का घालावे लागले?
३. एचआयव्हीच्या साखरेच्या आवरणाला प्रतिपिंडे का फसतात?
४. घरातील सर्वांचे रक्तगट विचारून तक्ता तयार करा. कोण कोणाला रक्त देऊ शकेल ते शिक्षकांच्या मदतीने शोधा.